पेपरच्या आधी एक फोन

परीक्षा आली की 'टेन्शन घेऊ नको' असं सगळेच सांगतात. पण टेन्शन नेमकं कशाचं आहे, हे कुणी विचारतं का? आपण स्वतःला तरी विचारतो का?

पीएल सुरू झाली की होस्टेलचा वास बदलतो. मॅगी, कॉफी आणि डासांची अगरबत्ती. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कुणीतरी फेऱ्या मारत डेफिनेशन्स पुटपुटत असतं. झेरॉक्सवाल्याकडे 'आयएमपी'साठी रांग लागते. ज्या पोराला सेमिस्टरभर कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या नोट्स छान आहेत हे कळल्यावर तो अचानक सगळ्यांचा 'भावा' होतो.

आणि रात्री नऊच्या सुमाराला प्रत्येक मजल्यावर एकच वाक्य ऐकू येतं. 'हो गं आई, चालूये अभ्यास. नाही नाही, टेन्शन नाहीये.'

इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला असताना हे वाक्य मी रोज म्हणायचे. घर बार्शीला, मी पुण्यात. फोन ठेवला की पोटात गोळा यायचा. एम-थ्रीचं पुस्तक उघडं असायचं आणि मी पान न उलटता तासभर बसलेली असायचे. पेपरच्या आदल्या रात्री मग जे सगळे करतात तेच मी केलं. नाइट मारली. तीन कॉफ्या, दोन एनर्जी ड्रिंक्स, शून्य झोप.

सकाळी पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न लाप्लास ट्रान्सफॉर्मचा. तोच प्रकार मी पहाटे तीन वाजता दोनदा सोडवला होता. तो कुठल्या वहीत होता, पानावर कुठल्या कोपऱ्यात चहा सांडला होता, सगळं डोळ्यांसमोर होतं. फक्त स्टेप आठवत नव्हती. पाटी कोरी.

केटी लागली. लागते बऱ्याच जणांना. पण मी आज लिहितेय ते केटीबद्दल नाही. फेब्रुवारीत रिझल्ट लागला आणि पुढचे जवळपास तीन महिने मी घरी सांगितलंच नाही, त्याबद्दल लिहितेय. आधी 'साइट डाऊन आहे', मग 'मार्कशीट यायचंय', मग 'रिव्हॅल्युएशनमुळे सगळ्यांचाच रिझल्ट अडकलाय'. दर रविवारी नवं कारण. पेपर तीन तासांचा होता, तो संपला. खोटं बोलायचं टेन्शन मात्र तीन महिने रोज पुरलं. त्यात चौथ्या सेमिस्टरचा अभ्यासही बुडाला.

त्यामुळे परीक्षेचं टेन्शन ही एक गोष्ट नसते, असं माझं ठाम मत झालंय. त्यात दोन वेगळी टेन्शन्स मिसळलेली असतात. एक पेपरचं आणि दुसरं पेपरनंतर कराव्या लागणाऱ्या फोनचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आपण पहिल्याचं औषध दुसऱ्याला लावत बसतो आणि मग म्हणतो, 'योगा केला, मेडिटेशन अॅप घेतलं, तरी काही फरक नाही.'

जर्नल रात्रीत होतं, एम-थ्री होत नाही

आधी सोपं घेऊ. पेपरचं टेन्शन.

टेन्शन अजिबात नको असं म्हणणाऱ्यांनी सबमिशनची आदली रात्र बघावी. जो मुलगा चार महिन्यांत एक ओळ लिहीत नाही, तो एका रात्रीत तीन जर्नल्स उतरवून काढतो. मग त्याला वाटतं, 'आपण प्रेशरखालीच भारी काम करतो.' इथेच आपली फसगत होते.

यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले होते. काम सोपं असेल तर दबाव वाढला तरी शिकणं चांगलं होतं, पण काम अवघड असेल तर दबाव एका मर्यादेपलीकडे गेला की शिकणं बिघडतं, असं त्यांना दिसलं. आपण उंदीर नाही, मान्य. पण जर्नल उतरवणं हे सोपं काम आहे आणि डेरिव्हेशन समजून घेणं हे अवघड काम आहे, एवढं तर आपल्यालाही कळतं. सबमिशनच्या रात्रीचा फॉर्म्युला पेपरच्या रात्री चालत नाही तो यामुळेच. थोडी धाकधूक हवीच, ती पुस्तक उघडायला लावते. पण अवघड विषयाला ती धाकधूक पंधरा दिवस आधी थोडी थोडी वापरावी लागते. एका रात्रीत सगळी वापरायची नसते.

नाइट मारणं म्हणजे पिऊन पेपरला बसणं

हे वाक्य मुद्दाम असं लिहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली एक तुलना केली. काही लोकांना जागं ठेवलं, त्याच लोकांना वेगळ्या दिवशी दारू दिली आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची एकच चाचणी घेतली. १७ तास सलग जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तेवढी घसरली होती. २४ तास जागरण झाल्यावर ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे.

आता हिशोब करा. आदल्या दिवशी सकाळी आठला उठलात, रात्रभर जागलात आणि सकाळी दहाला पेपरला बसलात. झाले २६ तास. गाडी चालवायच्या लायकीचे नाही आहात आणि फोरियर सिरीज सोडवायला निघालात.

दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. म्हणजे रात्री एक ते सहा जागून जे वाचलं, ते बसवायला डोक्याला वेळच मिळत नाही. आधी वाचलेलंही डळमळतं. कॉफीचं गणितही बघा. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे चारलाही अंगात असतं. मग आडवं झालात तरी डोळा लागत नाही आणि छताकडे बघत नको ते विचार सुरू होतात.

म्हणून पेपरच्या आदल्या रात्री निदान सहा तास झोप. एखादं युनिट राहिलं तर राहिलं. जे येतंय ते तरी सकाळी आठवेल.

पाटी कोरी व्हायची तर रूमवर होऊ दे

अभ्यास म्हणजे काय? आपल्यापैकी बहुतेकांसाठी तेच पान तिसऱ्यांदा वाचणं आणि पिवळ्या हायलायटरनं रंगवणं. पान ओळखीचं वाटायला लागतं आणि आपण म्हणतो, 'झालं हे.' पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं यात फरक आहे. गल्लीतल्या काकांना आपण रोज बघतो, पण त्यांचं आडनाव विचारलं तर ततपप होतं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग याबाबतीत बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून जेवढं आठवतं तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र पालटलं. लिहून बघणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

म्हणजे करायचं एवढंच. एक टॉपिक वाचा. पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या आणि लिहा. पहिल्यांदा चार ओळींवर गाडी अडेल आणि खूप वाईट वाटेल. वाटू दे. अडलं तिथे पुस्तक उघडा, बघा, परत मिटा. दोन दिवसांनी तेच पुन्हा करा. मागच्या वर्षांचे पेपर नुसते वाचू नका, घड्याळ लावून एक तरी पूर्ण सोडवा, शक्यतो ज्या वेळेत खरा पेपर आहे त्याच वेळेत.

याचा टेन्शनशी काय संबंध? थेट संबंध आहे. काहीच आठवत नाहीये, घाम फुटलाय, हा अनुभव पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये आला तर माणूस गळपटतो. तोच आधी चार वेळा रूमवर येऊन गेला असेल, तर आपल्याला माहीत असतं की दोन मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, दुसरा प्रश्न घ्यायचा, पहिला आपोआप आठवतो.

आणि पेपर झाल्यावर गेटबाहेर 'तिसऱ्याचं उत्तर काय आलं रे?' करत उभं राहू नका. जे लिहिलंय ते बदलत नाही, पुढच्या पेपरची दुपार मात्र जाते.

कागदावर गणित नव्हतंच

इथपर्यंतचं बरंचसं तुम्ही ऐकलेलं असेल. मीही ऐकलं होतं. मेच्या परीक्षेला केटीचा पेपर द्यायचा होता आणि या वेळी मी सगळं नीट करत होते. झोपत होते, कागदावर लिहून बघत होते, लाप्लास तर हातात बसला होता. तरी छातीत धडधड तशीच.

तेव्हा कुठेतरी रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. शिकागो विद्यापीठातला, २०११ सालचा. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्याला नेमकी कसली भीती वाटतेय हे कागदावर मोकळेपणानं लिहून काढलं, तर जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचा पेपर चांगला जातो, असं त्यांना दिसलं होतं. डोक्यात गरगर फिरणारी काळजी बाहेर काढली की डोक्याला पेपरसाठी जागा मिळते, असा त्यामागचा विचार.

म्हटलं, बघू करून. पेपरला आठवडा होता. दहा मिनिटं लावली आणि लिहीत सुटले. नंतर वाचलं तर पानभर मजकुरात एम-थ्रीबद्दल एक ओळ नव्हती. 'पप्पांना काय सांगू', 'लोनचे हप्ते', 'आत्याच्या मुलीचं सगळं क्लिअर आहे', 'आई सगळ्यांना सांगत असते माझी पोरगी हुशार आहे म्हणून'. हेच सगळं.

म्हणजे तीन महिने मी गणिताला घाबरतेय असं समजून गणित करत होते. भीती गणिताची नव्हतीच.

त्याच संध्याकाळी घरी फोन केला आणि सांगून टाकलं. पिक्चरमध्ये दाखवतात तसं काही झालं नाही. पप्पा 'काही हरकत नाही बेटा' वगैरे म्हणाले नाहीत. भडकले. 'नापास झालीस ते झालीस, तीन महिने खोटं बोललीस?' म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईकडून कळलं की ते शेजारच्या एका सरांकडे जाऊन विचारून आले होते, 'केटी म्हणजे पोरीचं वर्ष गेलं का हो?' त्यांना केटी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं, वर्ष जात नाही, विषय परत देता येतो. त्या रात्री पप्पांचा फोन आला. 'पेपर कधीये तुझा?' एवढंच विचारलं.

त्या रात्री मी आठ तास झोपले. पेपर सुटला, पासिंगपेक्षा सहाच मार्क जास्त. पण तो देताना हात थरथरत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं आहे, रिझल्टनंतरचा फोन पेपरच्या आधीच करा. 'या विषयाची मला भीती वाटतेय. दोन युनिट्स झालीत, तिसरं डोक्यावरून जातंय. राहिला तर परत देईन, पण तुम्हाला आधी सांगून ठेवते.' एवढंच बोलायचं. आपल्या घरच्यांना सेमिस्टर, क्रेडिट, एटीकेटी यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या डोक्यात अजून दहावीचा निकाल असतो, पास नाहीतर नापास. आपण समजावून सांगत नाही, मग ते सगळ्यात वाईट तेच धरून चालतात.

सगळ्यांचं घर सारखं नसतं

हे लिहितानाच मला काही मैत्रिणी आठवतायत. एकीला घरून स्पष्ट सांगितलं होतं, नापास झालीस तर बास झालं शिक्षण, स्थळं बघायला घेऊ. एका मित्राच्या फीसाठी शेत गहाण होतं. त्यांना 'घरी मोकळेपणानं बोला' सांगणं म्हणजे चेष्टाच. काही घरांत खरं बोलण्याची किंमत फार मोठी असते.

अशा वेळी तो फोन दुसऱ्या कुणाला तरी करा. मामेभाऊ, शाळेतल्या बाई, एखादे समजूतदार सर, रूममेट, स्वतः केटी लागून पास झालेला सिनियर. माणूस कोणीही चालेल, पण एका तरी माणसाला आपलं खरं चित्र माहीत पाहिजे. सगळ्यांसमोर 'मस्त चाललंय' आणि आत भलतंच, ही कसरत एकट्यानं फार काळ जमत नाही.

आणि हा फक्त आपल्या स्वभावाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. प्रत्येकामागे एकच कारण नसतं आणि फक्त परीक्षेवर खापर फोडणंही चूक ठरेल. पण एवढी मुलं आपल्या आजूबाजूच्या वर्गांत, होस्टेलांत बसलेली होती आणि त्यांच्यातल्या अनेकांनी घरी 'टेन्शन नाहीये' असंच सांगितलं असणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग कॉलेजनं काय करायचं? पीएलच्या आधी 'स्ट्रेस मॅनेजमेंट'वर एक पाहुणे बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा, एवढंच? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलंय. तुमच्या कॉलेजात १०० पेक्षा जास्त मुलं असणारच. मग विचारा ऑफिसात जाऊन. समुपदेशक कोण आहेत? कुठे बसतात? कधी भेटतात? माझ्या कॉलेजात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. आम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, ही आमची चूक.

मित्रांसाठी एक सांगते. शेजारच्या बेडवरचा कुणी आठवडाभर झोपत नसेल, जेवत नसेल, एकदम गप्प झाला असेल किंवा 'मी नसलो तर बरंच होईल' असं हसत हसतही म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. 'तुला जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि मोठ्या माणसाला लगेच सामील करून घ्या, मित्र रागावला तरी चालेल. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. आपल्याच बाबतीत असं काही वाटत असेल तर तिथे फोन करायला केटी लागण्याचीही वाट बघायची गरज नाही.

'आमच्या वेळी नव्हती बाबा ही थेरं' असं म्हणणारे काका भेटतीलच. त्यांच्या वेळीही होतं. बोलायचं नाही एवढाच फरक होता.

तर आज रात्री नऊ वाजता फोन वाजेल. 'काय चाललंय? अभ्यास झाला का?' रोजचं उत्तर जिभेवर तयार असेल. आज ते गिळा आणि एक वाक्य खरं बोला. पलीकडे क्षणभर शांतता होईल, कदाचित ओरडाही बसेल. ऐकून घ्या. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एक टॉपिक लिहून बघा, सकाळचा अलार्म लावा आणि झोपा.